सर्फचा तास

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात मंगळवार आणि शुक्रवारच्या तिसऱ्या तासापुढे मी 'सर्फ' असं लिहिलं होतं. पहिल्याच आठवड्यात शिपाई कमलबाईंनी मला व्हरांड्यात अडवलं.

"मॅडम, ह्या दोन दिवशी पोरायकडून कपडे धुवून घेता काय?"

"नाही कमलबाई, शब्द धुतो."

"मंग ठीक हाय. नळाले तसंही पाणी नाई."

सर्फ म्हणजे अरबी शब्द कसे घडतात ते सांगणारं शास्त्र. गडचांदूरच्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना एकत्र बसवून मी ते तासिका तत्त्वावर शिकवते. पाच वर्षं झाली. अनुभव सांगण्याइतकी मी जुनी नाही, हे मला कळतं. दिवाळी अंकात असे लेख निवृत्तीनंतर लिहायचे असतात, आपल्या चुका आपल्यालाच गोड वाटायला लागल्यावर. माझी चूक अजून गोड झालेली नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते. अरबी शब्दाच्या तळाशी बहुतेक वेळा तीन अक्षरं असतात. त्यांना मूळ म्हणायचं. क, त, ब ही तीन घ्या. त्यांत लिहिण्याचा अर्थ आहे. एका साच्यात ओतली की कातिब होतो, म्हणजे लिहिणारा. दुसऱ्यात ओतली की मकतूब, लिहिलेलं. तिसऱ्यात मकतब, लिहिण्याची जागा. माल तोच, फर्मा बदलतो. सिमेंटच्या गावातल्या मुलांना फर्मा समजावून सांगावा लागत नाही, ठोकळे पाडताना त्यांनी तो रोज पाहिलेला असतो. अरबी व्याकरणात या फर्म्याला 'वजन' म्हणतात. हे सांगितलं की ज्यांचे वडील चुनखडीच्या ट्रकवर आहेत ती मुलं ताठ बसतात. काट्यावर गाडी चढवून वजन करणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आणि हे शब्द मुलांच्या तोंडात आधीपासून असतात. हासिल, महसूल, तहसील हे तिन्ही एकाच मुळाचे. मुकादम म्हणजे पुढे ठेवलेला. यावर सुनंदा मडावी, जी आता आठवीत आहे, म्हणाली, "पण मॅडम, मुकादम तं मांगं सावलीत बसून राह्यते." सुनंदा जिवतीकडच्या पहाडातली, गोंड घरची, आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहणारी. संस्कृतच्या शिक्षकाची जागा रिकामी होती म्हणून ती माझ्या वर्गात आली आणि तिनं वर्गाचा ताबा घेतला. मंजूर या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'पाहिलेलं' असा आहे, हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अर्ज मंजूर झाला तं सायबानं फक्त पायला. तरीच."

मकतूब, महसूल, मंजूर, मजकूर हे सगळे एकाच वजनाचे. मी म्हटलं, याच वजनाचा आणखी एक शब्द सांगा. मागच्या बाकांवरून तीन-चार जण एकदम म्हणाले, "मजदूर." निम्म्या वर्गाचे वडील कंत्राटावर, त्यांना दुसरा कोणता शब्द आधी सुचणार. मला सांगावं लागलं की मजदूर या फर्म्यातला दिसतो खरा, पण तो फारसीतून आलेला आहे, अरबीत त्याला मूळ नाही.

"मजदुराले कुठी मूळ असते, मॅडम," सुनंदा म्हणाली.

तो तास चांगला झाला होता. असे पुष्कळ तास चांगले झाले. ते मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सांगितल्यावर कोणाला वाटेल की मला शिकवताच येत नव्हतं. मला येत होतं.

मी पत्रकांवर वाढले. अब्बा सिमेंट कारखान्याच्या पॅकिंगमध्ये कंत्राटी कामगार होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. उरलेले गठ्ठे आमच्या घरी फळीवर, फळीखाली, पिठाच्या डब्याखाली असायचे. मी अक्षरं त्यांवर शिकले. बाकीच्या मुलांचा क कमळातला, माझा कंत्राटदारातला. अब्बांचा नियम होता, एका कागदावर तीनच मागण्या. "चौथी छापली का माणूस पयली भुलते," ते म्हणायचे. "बेटा, त्याले गेटातून आत जाता जाता वाचायचं आहे. हातात डबा, मागं लाइन, समोर साहेब पाहून राह्यला."

त्यामुळे बी.एड.ला असताना एका सरांनी 'संज्ञानात्मक भार सिद्धांत' शिकवला तेव्हा नाव ऐकून वर्ग झोपला आणि मी जागी झाले. त्या सिद्धांताचं सांगणं साधं आहे. माणसाच्या मनाची ओंजळ लहान असते. नव्या गोष्टी एका वेळी तीन-चारच मावतात, आणखी घातल्या की आधीच्या सांडतात. म्हणून शिकवणाऱ्यानं नको ते ओझं काढून टाकावं, मोठं काम लहान पायऱ्यांत मोडावं, आधी सोडवलेली उदाहरणं दाखवावीत आणि मग हळूहळू हात सोडावा. मला वाटलं, हे तर अब्बांनी गेटवर उभं राहून शोधलेलंच आहे. त्या विषयावरचे दोन कागद मी झेरॉक्स करून घेतले आणि पहिल्यावर लाल पेनानं रेघा मारल्या.

वर्गात मी तसंच केलं. फळ्यावर एका वेळी एकच मूळ. मुळाची अक्षरं लाल खडूनं, फर्म्याची पांढऱ्या. अवघड संज्ञा हद्दपार. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्यात एक जागा रिकामी, तिसऱ्यात दोन. अर्थाशिवाय एकही शब्द नाही. सहावीतल्या मुली महिन्याभरात अनोळखी शब्द फोडून त्याचं मूळ काढायला लागल्या. ज्या भाषेला लोक फक्त माना डोलवत होते तिला त्या प्रश्न विचारायला लागल्या. मला याचा अभिमान होता. आजही काही उरला आहे.

माझ्या आधी अरबी शिकवायचे मुन्शी सर. निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून तीन दिवस कोरपन्याहून यायचे. त्यांची पद्धत एकच, गर्दान. एका क्रियापदाची चौदा रूपं असतात. त्यानं केलं, त्या दोघांनी केलं, त्या सगळ्यांनी केलं, तिनं केलं, असं करत करत 'आम्ही केलं'पर्यंत. ही चौदाही रूपं एका दमात, एका चालीत म्हणायची. फअलऽ, फअला, फअलू, फअलत... पूर्ण वर्ग डोलत म्हणायचा, आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मी एका मुलीला विचारलं, "फअलत म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "फअलूच्या नंतरचं."

मला संताप आला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि संताप आला की मी एकच काम करू शकत होते. मी पत्रक काढलं. 'पोपट नकोत, माणसं हवीत' असं शीर्षक. खाली तीन मागण्या. गर्दान बंद करा. अर्थासह शिकवा. मुलांना प्रश्न विचारू द्या. पालकसभेत मी ते स्वतः वाटलं. कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही, विरोधातही बोललं नाही. पण मुख्याध्यापकांना दोन अरबी शिक्षकांचे तास जुळवण्याचा कंटाळा आलेला होता. पुढच्या सत्रापासून मुन्शी सरांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी माझं पत्रक मला परत दिलं. दोन राहिलेले अनुस्वार त्यांनी पेन्सिलीनं दिले होते.

"बेटा," ते म्हणाले, "तू पोरायच्या डोक्यावरचं ओझं उतरवतेस, चांगलं आहे. पण तुले ते रोज उतरवावं लागन. मी ते एकदाच मुरवत होतो."

मी म्हटलं, "सर, मुलं म्हणजे लोणचं नाही."

शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. सरही थोडं हसले. त्यांनी सायकलीचं कुलूप काढलं आणि गेले.

जेबा त्यानंतरच्या जूनमध्ये सहावीत आली. कोरपन्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती एसटीनं यायची. घरी थोडी कपाशी, वडील ट्रकवर, आई नसीमाबाई. मोठी बहीण सादिया मुन्शी सरांची विद्यार्थिनी, लग्न होऊन राजुऱ्याला गेलेली. जेबा बारीक, शांत, बाकावर एका कडेला बसणारी. मी फळ्यावर मूळ लिहिलं की तिचे ओठ हलायचे. पहिल्या आठवड्यात मी तिच्याजवळ जाऊन ऐकलं. ती गर्दान म्हणत होती, अगदी हळू, सगळी चाल बरोबर.

"हे कुठं शिकलीस?"

"सादियाताईजवळ. कापूस वेचता वेचता म्हणत होती ते. कपाशीच्या एका ओळीत एक गर्दान होते."

"अर्थ माहीत आहे?"

"नाई."

"मग गाणं बंद. विचार कर. मूळ कुठं आहे ते बघ, फर्मा कोणता ते बघ, मग बोल."

तिनं गाणं बंद केलं. एकदाच सांगावं लागलं. ती तशी मुलगी होती.

आणि ती विचार करायला लागली, इतका सुंदर की मी घरी जाऊन अब्बांना सांगायची. ती सातवीत असताना आम्ही आजारी अक्षरांवर आलो. अरबीत काही अक्षरांना व्याकरणकारच आजारी म्हणतात, हुरूफ-ए-इल्लत. ती शब्दात टिकत नाहीत. बदलतात, दबतात, गळून पडतात. "इल्लत तं मले म्हणते मायी आजी," सुनंदा म्हणाली आणि वर्ग पाच मिनिटं हाताबाहेर गेला. हसणं ओसरल्यावर जेबानं हात वर केला. "मॅडम, अक्षर गळलं तरी ते होतं हे समजते कसं?" हा प्रश्न मोठमोठ्या माणसांनी विचारलेला आहे. मी फळा पुसला आणि पूर्ण तास तिच्या प्रश्नाला दिला. गळलेलं अक्षर चार पायऱ्यांनी कसं शोधायचं, ते तिनं वहीत चार चौकोन करून लिहून घेतलं.

आठवीत तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला. आमची शाळा आठवीपर्यंत. नववीची शाळा गावात आहे, पण ती दुपारपाळीची, आणि ती सुटेपर्यंत जेबाच्या गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. गावातल्या तिच्या आधीच्या सगळ्या मुली आठवीनंतर घरी बसल्या होत्या. कोणी त्यांना बसवलं नव्हतं. फक्त गाडी नव्हती. मी आगाराला अर्ज केला, सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन. अर्ज मंजूर झाला, सुनंदाच्या अर्थानं.

मग मला नागपूरकडच्या एका निवासी शाळेची माहिती मिळाली. मुलींची शाळा, राहणं-जेवण सगळं तिथेच, बारावीपर्यंत. नववीसाठी दर वर्षी थोड्या मुली घेतात आणि अरबीची परीक्षा घेतात, अर्धी लेखी, अर्धी तोंडी. अट एकच, मुलगी त्याच वर्षी आठवी पास झालेली पाहिजे. वर्ष मध्ये गेलेली चालत नाही. नसीमाबाईंनी तो छापील कागद दोनदा वाचला आणि सही केली. "हेच एक दार हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "बाकी तं पाहूनच राह्यले तुमी."

जेबानं चार महिने तयारी केली. मी शाळा सुटल्यावर तिला तिच्या गाडीच्या वेळेपर्यंत घेऊन बसायची. मला खात्री होती. कोणतंही क्रियापद द्या, ती ते फोडून, मूळ काढून, आजारी अक्षर ओळखून, कारणासह रूप तयार करायची. चूक नाही. मी घड्याळाकडे कधी पाहिलं नाही. विचाराला घड्याळ लावणाऱ्या लोकांचा मला राग आहे.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर आणि नसीमाबाईंबरोबर गेले. लेखी आधी झाली. जेबा बाहेर येऊन पाणी प्यायली. तोंडी परीक्षेच्या खोलीचं दार उघडंच होतं, आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो होतो. आतल्या बाई क्रियापद सांगायच्या आणि मुली चौदा रूपं म्हणायच्या. वेगवेगळ्या गावांच्या मुली, पण चाल तीच, मुन्शी सरांची. एका दमात. कोणी अडखळत नव्हतं. अर्थ विचारल्यावर काही जणींना सांगता येत नव्हता, तेही ऐकू येत होतं.

जेबाला 'कालऽ' आलं. म्हणजे 'तो म्हणाला'. सर्फमधलं सगळ्यांत ओळखीचं आजारी क्रियापद.

ती म्हणाली, "कालऽ, काला, कालू, कालत, कालता." आणि थांबली.

मला माहीत होतं ती कुठं थांबली आहे. पहिली पाच रूपं सरळ जातात. सहाव्याला मधलं आजारी अक्षर गळतं आणि 'का'चा 'कु' होतो. 'कुल्नऽ', त्या सगळ्या जणी म्हणाल्या. जेबा आत तिचे चार चौकोन भरत होती. मूळ काय, फर्मा काय, कोणतं अक्षर आजारी, ते का गळलं. बाहेर बसून मी तिच्याबरोबर पायऱ्या उतरत होते. परकी खोली, परक्या बाई, मागं वाट पाहणाऱ्या मुली, आणि त्या एवढ्याशा ओंजळीत चार पायऱ्या. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "कुल्नऽ." बरोबर होतं. मग सातव्या रूपाला ती पुन्हा मुळापासून निघाली.

नवव्या रूपाला आतल्या बाई म्हणाल्या, "बस बेटा." आवाज चांगला होता. माणूस चांगलाच असावा.

जेबा बाहेर येऊन आईच्या शेजारी बसली. नसीमाबाईंनी विचारलं, "आलं नाई काय?"

"आलं, अम्मी. मले सगळं समजत होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, लेखीत पन निम्मंच झालं. वेळ पुरला नाई."

मी म्हटलं, "ठीक आहे. बघू."

परतीच्या गाडीत वरोरा गेल्यावर ती म्हणाली, "आतमंदी मले ताई म्हणते तसं म्हणू वाटलं. चाल आठवत होती. पण तुमी नाई म्हटलं होतं, म्हून मंग मी विचार केला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी यादी मोबाइलवर आली. तिचं नाव नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन ते दोन झेरॉक्स काढले. पहिल्या कागदावर लाल रेघा होत्या. दुसऱ्यावर एकही नव्हती. दुसऱ्या कागदावर लिहिलेलं होतं की ओंजळ लहान असते ती फक्त नव्या गोष्टींसाठी. जे मनात पक्कं बसलेलं असतं, ते कितीही मोठं असलं तरी एकच वस्तू म्हणून हातात येतं, त्याला जागा लागत नाही. म्हणून आधी समजावावं, आणि मग समजलेलं इतकं घोटून घ्यावं की त्याचा विचारच करावा लागू नये.

म्हणजे मुन्शी सरांकडे त्या सिद्धांताचा उत्तरार्ध होता आणि माझ्याकडे पूर्वार्ध. दोघं मिळून एक शिक्षक झाला असता. त्यातल्या एकाला दुसऱ्यानं पत्रक काढून घालवलं. ते पान माझ्याजवळ चार-पाच वर्षं होतं. मी वाचलं नाही, कारण पत्रकाला दुसरं पान नसतं. ज्या वळणानं मला लिहायला शिकवलं त्यानंच मला एवढं शिकवलं नाही की एक पान झाल्यावर कागद उलटायचा असतो.

मी कोरपन्याला सरांच्या घरी गेले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, मला त्याची गरज होती.

त्यांनी फक्त विचारलं, "कुठी अडकली?"

"कुल्नऽ. सहाव्याला."

"तिथीच अडकतेत." आणि त्यांनी कालऽपासून सुरुवात केली. आवाज बसलेला होता, पण चाल तशीच. चौदा झाल्यावरही ते थांबले नाहीत, दुसरं क्रियापद घेतलं, मग तिसरं. त्यांच्या सूनबाई चहा ठेवून गेल्या, त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "सर, पुन्हा शाळेत या. मी मुख्याध्यापकांशी बोलते. अर्थ मी सांगेन, गर्दान तुम्ही घ्या."

"फळा दिसत नाई आता, बेटा."

"फळा मी लिहीन."

"तुले मायी गरज तवा होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "ते लोणच्याचं तू चांगलं बोलली होतीस. मी घरी येऊन सांगितलं होतं."

आता माझ्या वर्गात गर्दान होते. आधी अर्थ, मग फर्मा, मग चौदा रूपं चालीवर, दर तासाला. सुनंदा वसतिगृहात ती भांडी घासताना म्हणते आणि बाकीच्या मुलींना वाटतं ती शिव्या देते. वर्ग चांगला चालतो. शिक्षणाधिकारी आले तर त्यांना आवडेल. ज्या मुलीवर मी हे शिकले ती त्या वर्गात नाही, आणि तिच्या गावाकडे अजून संध्याकाळची गाडी नाही. दोन्ही गोष्टींत मी काही करू शकलेले नाही. मी आगाराला आणखी दोन अर्ज केले आहेत. लोकांनी एवढ्याशा गाडीसाठी रस्त्यावर बसलं पाहिजे, असं मी गावात जाऊन सांगितलं. लोक म्हणाले, शेतातलं निंदण झाल्यावर पाहू.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी जेबाच्या घरी गेले. जायला मला पाच महिने लागले, हेही इथे लिहून ठेवते. ती आणि नसीमाबाई शेतातून नुकत्याच आल्या होत्या. दोघींच्या हातांना हिरवट डाग. नसीमाबाईंनी खाट टाकली, चहा ठेवला, सादियाला दिवस गेल्याचं सांगितलं. जेबा आत जाऊन हात धुऊन आली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"कशी आहेस?"

"बरी हाव." आणि मग तिनं विचारलं, "म्हणून दाखवू काय?"

मला कळलं नाही. तिनं डोळे खाली केले आणि सुरुवात केली. कालऽ, काला, कालू, कालत, कालता, कुल्नऽ. कुठंही न थांबता. चौदा झाल्यावर दुसरं घेतलं, ज्यात आजारी अक्षर शेवटी असतं ते. तेही झालं. मध्ये श्वास कुठं घेतला तेही कळलं नाही.

"हे कधी केलंस?"

"निंदता निंदता. एका ओळीत दोन होतात. ताईले फोनवर इचारून घेतलं."

"अर्थ?"

"अर्थ तं होताच ना मॅडम. तो तुमी दिला होता."

नसीमाबाई चुलीजवळून म्हणाल्या, "दिवसभर तेच लावून राह्यते. बाजूच्या बाया म्हणतेत, पोरीले झपाटलं."

जेबा माझ्याकडे पाहत होती. "मॅडम, आता पाठ झालं तं चालन काय? पुढच्या साली बसू देतीन मले?"

अटीचा कागद मला तोंडपाठ होता, वर्ष मध्ये गेलेली चालत नाही. नसीमाबाईंनी तर तो दोनदा वाचून सही केली होती. त्यांचा हात कपावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

मी म्हटलं, "हो. देतील."

"मंग दुसरा शब्द सांगा," जेबा म्हणाली. "कठीण सांगा."

मी सांगितला.